वस्तादांची रागाची वही

शेकडो तपास केले, त्यांतल्या बहुतेकांचे गुन्हा नंबरही आता आठवत नाहीत. ही एक घटना मात्र डोक्यातून जात नाही, कारण तिच्यात मी एका निरपराध पोराच्या दोन कानाखाली वाजवल्या होत्या.

इंदूरच्या मिल एकेक करून बंद पडत होत्या, त्या दिवसांतली गोष्ट. मी मिल एरियातल्या एका ठाण्याचा टीआय होतो, म्हणजे ठाण्याचा प्रमुख. बंद मिलच्या मैदानावर एक फुटबॉल क्लब चालायचा. नावं कुणाचीच घेणार नाही. क्लब चालवणाऱ्याला सगळे वस्ताद म्हणत. मिलमध्ये फिटर होता, मिलच्या टीमकडून खेळलेला. नोकरी गेली तरी रोज सकाळी शिट्टी घेऊन हजर. त्याचा कायदा कडक होता. शाळेत नापास झालेल्या पोराला टीममध्ये जागा नाही, मग तो कितीही गोल मारो.

एका संध्याकाळी सात-सव्वासातच्या सुमारास मैदानाजवळच्या गल्लीत एका वयस्कर मास्तरांवर हल्ला झाला. शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेले गृहस्थ, आणि फुटबॉलचे रेफरी. सायकलवरून उतरत असताना मागून कुणीतरी दांडा घातला. खांद्याचं हाड मोडलं, डोक्याला टाके पडले. मारणारा त्यांना दिसला नाही.

सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच आमचा खबऱ्या आला. मैदानाच्या कोपऱ्यावर त्याची पोह्यांची गाडी होती.

"साहब, नाव तर पुऱ्या मोहल्ल्याला माहिताय. तीन दिवसांपूर्वी मास्तरनं सेंटर फॉरवर्डला लाल कार्ड दिलं ना? पोरगा सगळ्यांसमोर ओरडला, बाहर निकल, देख लूंगा! मी स्वतः ऐकलं, भिया."

कारण होतं, धमकी होती, साक्षीदार तर पन्नास होते. मी खूश झालो. सोपी केस मिळाली की पोलिसाचं डोकं लगेच सुट्टीवर जातं, हा माझा अनुभव आहे. दुसऱ्याचा नाही, माझाच.

पोराला आणला. सोळा-सतरा वर्षांचा, काटक, डोळ्याला डोळा भिडवणारा. कागदावर अटक नव्हती, 'पूछताछ के लिए बिठाया है' एवढंच. त्या काळी आम्ही असंच करायचो.

"मैंने नहीं मारा," तो म्हणाला.

"सात वाजता कुठे होतास?"

गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. माझा हात उठला. दुसऱ्यांदा उठला. पोरानं गालाला हातही लावला नाही. हे निर्ढावलेपण आहे, असा अर्थ मी काढला.

दुपारी वस्ताद आले. कापडी पिशवीतून एक जाडजूड वही काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"काय आहे हे?"

"रागाची वही, साहेब. मैदानात ज्याचं डोकं फिरलं, त्यानं दुसऱ्या दिवशी बूट घालायच्या आधी इथं पंधरा ओळी लिहायच्या. काय झालं, आपली गलती काय, राग कुठून आला. झूठ लिहायचं नाही. जे लिहिता येत नाही, तेवढी जागा कोरी सोडायची. आणि मग ज्याला बोलला, त्याच्या घरी जाऊन माफी मागायची."

मी चाळली. निम्मी वही त्या सेंटर फॉरवर्डचीच होती. मला हसू आलं.

"वस्ताद, तुम्ही तर पुरावाच आणून दिलात. हा तर पक्का भांडखोर."

"भडकू आहे, मान्य. पण साहेब, मारणाऱ्यानं तीन दिवस राग धरून ठेवला ना? उसका गुस्सा तो हाफ टाइम तक नहीं टिकता." मग हात जोडून म्हणाले, "सोमवारी त्याला स्पोर्ट्स होस्टेलला हजर व्हायचंय. जेवण, राहणं, शाळा, सगळं सरकारी. त्याचं नाव तुमच्या कागदावर चढलं तर ती सीट गेली. दुसरी मिळणार नाही. घरात कमावणारं कुणी नाही आता."

त्या दिवशी शनिवार होता. मी वस्तादांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि वही वाचायला घेतली. खरं सांगायचं तर गुन्ह्याचा इतिहास जमवायला घेतली. अर्ध-हिंदी अर्ध-मराठी खिचडी, शुद्धलेखनाच्या नावानं आनंद. पण पोरगा काहीच लपवत नव्हता. 'उसने मेरे बूट पर पैर दिया म्हणून मी शिवी दिली. मोठी शिवी होती.' असं सगळं पंधराच्या पंधरा ओळी भरून.

दिवाळीनंतर मात्र बदल होता. काय झालं ते लिहिलेलं, गलती लिहिलेली. 'राग कुठून आला' याच्या पुढच्या ओळी कोऱ्या. एकदा नाही, दर वेळी. लाल कार्डाच्या पानावरही तसंच.

मी पोराला आत बोलावलं. कोरा कागद आणि पेन समोर ठेवलं आणि म्हटलं, "काल संध्याकाळचं लिही. तुमच्या वस्तादांच्या कायद्यानं." आणि खोलीतून बाहेर गेलो.

अर्ध्या तासानं कागद पाहिला. 'सात वाजता मास्तरजींच्या गल्लीत माफी मागायला गेलो.' त्याखाली तीन ओळी कोऱ्या. मग, 'दौडके घरी आलो. आईला सांगितलं नाही.'

म्हणजे गल्लीत त्यानं कुणाला तरी पाहिलं होतं. आणि तो माणूस तोच होता, ज्याच्याबद्दल त्याला दिवाळीपासून एक ओळ लिहिता येत नव्हती.

मी बाहेर येऊन वस्तादांना विचारलं, "दिवाळीला याच्या घरी काय झालं?"

"मिल बंद झाली, साहेब. बाप घरी बसला."

"मारतो याला?"

वस्तादांनी मान खाली घातली. "याला कमी. आईला जास्त."

बापाला आमच्या हेडसाहेबांनी, म्हणजे हेड कॉन्स्टेबलनी, घरून आणलं. मी प्रश्न विचारायच्या आधीच तो बोलायला लागला. "मास्तरांपुढे हात जोडले साहेब, लाल कार्डाचा रिपोर्ट वर पाठवू नका म्हटलं. पोराची सीट जाईल. ते म्हणाले, जे झालं तेच मी लिहितो. मग माझं टाळकं सटकलं." पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, जप्त केलेली वस्तू चालते. त्यानं स्वतःच घरातल्या पाण्याच्या टाकीमागून दांडा काढून दिला. पंचनामा केला, अटक दाखवली.

संध्याकाळी मी दवाखान्यात मास्तरांना भेटलो. ते कण्हत म्हणाले, "अहो, रिपोर्ट तर मी मॅचच्याच दिवशी पोस्टात टाकला होता. लिहिलंय की पोरगा तापट आहे, पण चूक कबूल करतो, याला शिस्तीच्या जागी पाठवाच. त्याच्या बापाला मी पुढचं सांगणार होतो, तो ऐकायला थांबलाच नाही." मला त्या बापाचा राग आला आणि कीवही आली.

ठाण्यात परतलो. पोराला म्हटलं, जा घरी. माझं चुकलं, हे शब्द तोंडातून निघाले नाहीत. त्याच्यासाठी चहा मागवला. आमच्या खात्यात माफी म्हणजे एवढीच. त्यानं चहाला हात लावला नाही.

"मैं होस्टल नहीं जा रहा," तो म्हणाला. "आई अकेली राहील."

वस्तादांनी समजावलं, मी दरडावलं, पोरगा हलेना. शेवटी म्हणाला, बाबांना भेटू द्या. नियमात बसत नव्हतं, तरी मी त्याला हवालातीच्या गजांपाशी नेलं. बाप उठून पुढे आला. मग बाप हळू आवाजात म्हणाला,

"जा बेटा. मी इथं आहे तोवर तुझ्या आईला कुणी हात नाही लावणार."

पोरगा पहिल्यांदा रडला. मी तोंड फिरवलं. सोमवारी तो होस्टेलला हजर झाला, वस्ताद स्वतः पोचवून आले.

बापाचं ते वाक्य ऐकल्यावर मला त्या रविवारी चैन पडेना. ठाण्याचे मागचे रोजनामचे, म्हणजे रोजच्या नोंदींच्या वह्या, काढून बसलो. दिवाळीनंतर त्या पोराची आई दोनदा माझ्या ठाण्यात आली होती. दोन्ही वेळा एकच ओळ होती, 'घरगुती मामला, समज देऊन परत पाठवले.' खाली सही माझी. मला तिचा चेहरासुद्धा आठवत नव्हता.

आरडाओरडा करणाऱ्याला पकडणं सोपं असतं, तो कुठे आहे हे सगळ्या गावाला ऐकू येतं. घराच्या दाराआड जो मारतो, त्याची वर्दी द्यायला एकटी बाईच येते, आणि आम्ही तिलाच परत पाठवायचो. त्यानंतर जिथे जिथे बदली झाली, तिथे 'घरगुती मामला' हे शब्द मी रोजनामच्यात लिहू दिले नाहीत. बाई दारात आली की आधी तिला खुर्ची द्यायची, मग ती सांगेल ते सगळं लिहून घ्यायचं, असा माझा हुकूम असायचा. हाताखालचे लोक कुरकुरायचे, साहेबांना कामधंदा नाही म्हणायचे. म्हणू दे. मी एवढं शिकलो, तेही त्या घराचं व्हायचं ते होऊन गेल्यावर.