टायरमध्ये किती हवा, ते कोणी ठरवायचं

आमच्या घरातून गाडी बाहेर निघायची असली की आधी तिला लाथा खाव्या लागतात. दीर येतात, पुढच्या चाकाला एक लाथ हाणतात. नवरा सुट्टीवर आलेला असला तर तो मागच्या चाकाला हाणतो. समोरच्या घरचे काका उगीच फाटकाशी उभे असतात, तेही रस्ता ओलांडून येतात आणि चपलेच्या टोकानं एक मारून जातात. मग तिघं एकमेकांकडे बघून निकाल देतात, "टाइट हाय" किंवा "नरम हाय". लाथ मारून टायरमधली हवा कळत नाही असं मानणारा पुरुष मला आमच्या सौंसर गावात अजून भेटायचा आहे.

आणि गाडी रोज चालवते कोण, तर मी. मी लोधीखेड्याच्या शाळेत शिकवते. माझी मुलगी त्याच शाळेत तिसरीत आहे. ती मागच्या सीटवर बसते, दप्तर मांडीवर घेऊन, आणि काचेवर बोटानं काहीबाही काढत असते. त्या चार चाकांवर माझी लेक बसते, मला एवढंच म्हणायचं आहे. दोन वर्षं मी एवढंच म्हणत होते आणि दोन वर्षं घरातलं प्रत्येक माणूस माझ्याकडे असं बघत होतं की हिला गाडी घेऊन दिली तीच चूक झाली.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की खांबावर एक पांढरा स्टिकर आहे. त्यावर लिहिलं आहे, दोन माणसं असतील तर चाकात इतकी हवा, गाडी भरलेली असेल तर मागच्या चाकांत इतकी. टायर थंड असताना मोजायची, हेही लिहिलं आहे. गाडी आली त्याच आठवड्यात मी ते वाचलं आणि मोठ्या उत्साहानं दिरांना दाखवलं. ते हसले. म्हणाले, "वहिनी, हे थंड्या मुलखाचं हाय. आपल्या इकडं मे महिन्यात डांबर वितळते. एवढी हवा ठेवली तर टायर फटाक्यावानी फुटन." गाडी याच देशात बनली, इथलंच ऊन धरून बनली, हे मी सांगितलं. त्यावर ते आणखी हसले.

दिरांचं सगळं शिक्षण ट्रॅक्टरवर झालं आहे. आमची संत्र्याची बाग आहे, जमीन काळी. ओल असली की मोठी चाकं रुततात, म्हणून त्यांतली हवा कमी ठेवतात. चाक नरम झालं की मातीवर पसरतं आणि पकड घेतं. बागेत त्यांचं बोलणं शंभर टक्के खरं आहे, तिथं मी तोंड उघडत नाही. पण माझी गाडी नांगरायला जात नाही हो! ती डांबरी रस्त्यावर पळते. तिथं नरम टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो, पुन्हा उठतो, पुन्हा दबतो आणि त्या दबण्यानंच आतून तापतो. ऊन बिचारं बदनाम होतं. मी हे कागदावर चित्र काढून समजावलं. माझ्या चौथीच्या मुलांना ते कळलं होतं.

मग सुरू झालं ते असं. मी सकाळी टायर थंड असताना हवा भरायची. त्यासाठी एक छोटा पंप आणला होता, गाडीच्या सॉकेटला लागणारा, त्यात आकडा दिसतो. घरात त्याचं नाव पडलं "वहिनीचं मशीन", आणि ते नाव घेताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट हसू यायचं. दुपारी गाडी अंगणात उन्हात उभी असली की दीर वाकायचे, काडीनं व्हॉल्व्ह दाबायचे आणि फुस्स करून हवा सोडायचे. सकाळी मी भरायची, दुपारी ते काढायचे. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "तू भर, तो काढेल, दोघांचं मन राहील." त्याची नोकरी नागपुरात आहे, दोघांचं मन राखायला त्याला तिथून सोपं जातं. मी फोन ठेवून दिला.

गेल्या वर्षी मे महिन्यात नणंदेला सातव्या महिन्यात माहेरी आणायचं ठरलं. तिचं सासर पांढुर्ण्याला. वहिनी हळू चालवते, तीच येऊ दे, असा तिचा निरोप आला, म्हणून स्टिअरिंगवर मी. शेजारी सासूबाई आणि मागे दीर, घरचा पुरुष म्हणून. पहाटे मी भरलेल्या गाडीच्या आकड्याप्रमाणे चारही चाकं भरून ठेवली आणि निश्चिंत झाले. निघताना डिकीत जागा करायला म्हणून दिरांनी माझं मशीन काढून ओसरीवर ठेवलं, हे मला पांढुर्ण्याला पोचल्यावर कळलं.

व्याह्यांकडे पाहुणचार झाला. गाडी अंगणात रणरणत्या उन्हात उभी. मी हातात चहाचा कप घेऊन विहीणबाईंच्या शेजारी बसले होते आणि बाहेरून तो आवाज आला, फुस्स. थोडा वेळ थांबून पुन्हा फुस्स. मी मोजत होते, चारही चाकं. आता विचार करा, व्याह्यांच्या घरात, सातव्या महिन्यातली नणंद न्यायला आलेली थोरली सून उठून अंगणात जाऊन दिराशी भांडू शकते का? नाही भांडू शकत. तोंडावर हसू ठेवून मी चहा प्यायले. विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "तुमचे भाऊजी गाडीचे मोठे जाणकार दिसतात." सासूबाई म्हणाल्या, "त्याले लहानपणापासूनच नाद हाय."

त्यात भर म्हणून डिकी भरली. गव्हाचं पोतं, आंब्यांचं खोकं, कुरडया-पापडांचे डबे, नणंदेच्या दोन मोठ्या बॅगा. गाडीचा मागचा भाग खाली बसला, मागची चाकं खाली फुगून पसरली. ते बघायला मीटर लागत नव्हतं. पण सगळे फाटकाशी उभे राहून निरोप देत होते, कोणी डोळे पुसत होतं. मी गाडी सुरू केली.

गावाबाहेर पडले आणि स्टिअरिंगनं सांगायला सुरुवात केली. गाडी वळणावर उशिरा वळायची, मग जास्तच वळायची. मागून एक ट्रक जोरात गेला तर सगळी गाडी डुलली. आरशात नणंद दिसत होती. तिनं एका हातानं वरचा दांडा धरला होता, दुसरा हात पोटावर. मी वेग कमी केला. सासूबाई म्हणाल्या, "अवं, अशानं रात्र होईन." दीर म्हणाले, "वहिनी, बिनधास्त चालवा. टायर आता एकदम सही हायेत."

मी वेग आणखी कमी केला. तोंड उघडलं असतं तर जे निघालं असतं ते गरोदर बाईनं ऐकण्यासारखं नव्हतं.

जामसावळीच्या देवळाच्या फाट्याशी पंक्चरचं दुकान आहे. मी गाडी तिथं लावली, किल्ली काढून हातात घेतली आणि म्हटलं, "हवा भरल्याशिवाय मी पुढे नेत नाही." शनिवार होता. नारळ-हारांच्या दुकानांपुढे दर्शनाला आलेल्यांची गर्दी. दुकानदार नळी घेऊन आला, माझ्यापुढून सरळ मागच्या खिडकीशी गेला आणि विचारलं, "किती टाकू भाऊ?" मी ड्रायव्हरच्या सीटवरून उतरले होते, किल्ली माझ्या हातात होती, आणि तो विचारत होता मागे बसलेल्या माणसाला!

"काई टाकू नोको," दीर म्हणाले. "बराबर हाय."

"आधी मोज," मी म्हटलं. त्यानं मोजलं. टायर इतका तापलेला होता की हात लावून ठेवता येत नव्हता. तापल्या टायरमध्ये मीटर जास्त दाखवतं. तरीही आकडा थंड टायरच्या आकड्यापेक्षा बराच खाली होता. दीर म्हणाले, मीटर खराब असन. दुकानदारानं मान डोलावली. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी त्याच्या हातातून नळी घेतली आणि स्वतः गुडघ्यावर बसून मागच्या चाकाला लावली. साडीचा पदर धुळीत गेला.

"काय करून राहिली तू?" सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. "लोक पाहून राहिले."

"पाहू द्या लोकांना," मी ओरडलेच. "तुमची लेक मागे बसली आहे, आई. तिच्याकडे कोणी पाहतंय का?"

हाराच्या दुकानातला माणूस हात थांबवून बघत होता. मी चारही चाकं भरली आणि गाडीत बसले. पुढचा सगळा रस्ता गाडी सरळ चालली.

आम्ही सुखरूप पोचलो, टायर फुटला नाही. आणि तेच माझ्या विरुद्ध गेलं. काही झालं नाही म्हणजे काही होणारच नव्हतं, असा हिशेब घरात मांडला गेला. "वहिनीनं जामसावळीले तमाशा केला" हे वाक्य पाहुण्यांपुढे हसत हसत सांगितलं जाऊ लागलं. माझ्या मुलीनंही एकदा विचारलं, आई, तू तमाशा केला म्हणजे काय केलं? मी तिला सांगितलं, हवा भरली.

नणंद मात्र हसली नाही. एका दुपारी तिनं मला ते दार उघडून दाखवायला सांगितलं. मी स्टिकर दाखवला. तिनं तो दोनदा वाचला आणि आत गेली.

दिवाळीनंतर तिला बाळासह सासरी पोचवायचं होतं. थंडीचे दिवस, उन्हाची सबब नव्हती. तरी दीर काडी घेऊन चाकापाशी बसलेच. म्हणाले, लेकरू हाय, गचके लागतीन, थोडी नरम करतो. मी तोंड उघडणार तेवढ्यात नणंद ओसरीवरून म्हणाली, "दादा, हात नको लावू. आहे तेवढीच राहू दे. गाडीवर लिहिलं आहे."

दीर लगेच उठले. अगदी लगेच! काडी फेकली, दार उघडलं, खाली वाकून मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "हाव न बाप्पा, इथं तं लिहूनच हाय!" सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "पाह्य, लेकरू झालं का बाईले कशी बराबर समज येते."

माझी मुलगी गाडीत आधीच जाऊन बसली होती, बाळाचं टोपडं हातात धरून.

"आई," मी म्हटलं, "मलाही लेकरू आहे. ते तिथं बसलं आहे. दोन वर्षं झाली, रोज तिथंच बसतं."

"अवं, मी तुले कुठं काही म्हटलं?"

"नाहीच म्हटलं. मी म्हणत होते, तर तमाशा होता. हिनं म्हटलं, तर समज. हवा तीच, चाक तेच, गाडी तीच. माझी मुलगी या घरची नाही का?"

नणंद बाळाला छातीशी धरून खाली बघत होती. तिचा काही दोष नव्हता, उलट तीच एकटी माझ्या बाजूनं बोलली होती, आणि तरी त्या क्षणी मला तिचाही राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही. आम्ही पांढुर्ण्याला जाऊन आलो. येताना सासूबाई झोपल्या आणि दीर खिडकीबाहेर बघत राहिले.

सोमवारी सकाळी मी शाळेत जायला निघाले तर दीर गाडीपाशी उभे होते. लाथ मारण्यासाठी पाय उचलला नव्हता. माझं मशीन त्यांच्या हातात होतं, वायर उलटी गुंडाळलेली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, दोन माणसाचं किती हाय?"

स्टिकर त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता, आणि वाचता येतो हे त्यांनी सगळ्या घराला ऐकवलं होतं. मी सांगितलं नाही.

"कोणत्या दोन माणसांचं?" मी विचारलं.

त्यांनी गाडीत पाहिलं. मागच्या काचेवर माझी मुलगी बोटानं काहीतरी काढत होती.

"तुमचं," ते म्हणाले, "अन् पोरीचं."

मग मी आकडा सांगितला.