तांदळात लिहिलेलं नाव

माझं माहेरचं नाव केराबाई. हसा, सगळेच हसतात. शाळेत पोरी खराटा दाखवून चिडवायच्या आणि मी त्यांच्या वेण्या ओढायचे.

नावामागचं कारण आईनं मी जरा मोठी झाल्यावर सांगितलं. माझ्या आधी एक बहीण झाली होती. तिचं नाव हौसेनं, देखणं ठेवलं. बारसं झालं आणि पोर गेली. म्हणून मी जन्मले तशी मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या काकूंनी केरासोबत उचललं आणि पसाभर ज्वारी घेऊन आईला परत दिलं. फेकून दिलेल्या पोरीकडं मरण वळून बघत नाही, असं आमच्याकडं मानतात. बहिणीचं नाव मात्र आईनं कधी तोंडातून काढलं नाही.

लग्न होऊन मी चाकूरकडून नांदेडला आले. सासरी ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! एकदाची केरातून सुटले.

मग दुपारच्या हाका सुरू झाल्या. सासूबाई झोपलेल्या, नवरा दुकानावर, आणि मागच्या दारातून कुणीतरी बाई ते नवं नाव घेऊन बोलवायची. आवाज लई गोड. जाऊन बघावं तर दोरीवरचे कपडे आणि ऊन. शेजारीण थट्टा करून राहिली असेल म्हणून मी तिच्याशी भांडूनही आले. आईला फोनवर सहज सांगितलं. तिनं विचारलं, नाव काय ठेवलं? मी सांगितलं आणि तिनं फोनच ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं आली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"हाकेला ओ दिलीस का?"

"न्हाई."

"ते नाव तिचं हाय, तुझ्या आधीच्या पोरीचं."

मग मागच्या दारात उभी राहून, गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "इथं केर हाय नुसता. तुझं कुणी न्हाई, बाई." आणि तिथंच बसून रडली. सासूबाईंना वाटलं, विहीणबाईंचं डोकं फिरलं. त्या दिवसापासून ते नाव घरात कुणी घेतलं नाही आणि हाका थांबल्या. मी ते इथंही लिहीत नाही.

पुढं मला मुलगी झाली. हिलाही सुपात घाल, केरी म्हण, असं आई हात जोडून सांगत होती. मी ऐकलं नाही. माझ्या लेकीला कुणी खराटा दाखवायला नको होता मला. चांगलं निवडून नाव ठेवलं.

परवा दुपारी ती मागच्या दारापाशी भातुकली खेळत होती. एकदम मान वर करून "ओ" म्हणाली. घरात मी एकटी, आणि मी तर हाक मारली नव्हती. कोण बोलावतंय गं, मी विचारलं.

"मावशी," ती म्हणाली आणि उठून बाहेर निघाली.

मी धावले, तिला कडेवर घेतलं आणि त्या रिकाम्या उन्हाकडं बघून ओरडले, "इथं केर हाय नुसता!"

"मी केर नाही," म्हणत पोर रडायला लागली. मी तिच्या तोंडावर हात दाबून धरला.