एर्लिंदाच्या कानातलं सोनं

माझी धाकटी बहीण एर्लिंदा पाळण्यात होती तेव्हापासून कानात फक्त सोनं घालते. आई गल्लीभर मिरवायची, "माझी पोर राणी आहे, तिला पितळ-बितळ चालत नाही!" आणि मला? जत्रेतले डूल. जळायचे मी, खोटं कशाला बोलू?

तीन लेकरं झाल्यावर एर्लिंदाने ठरवलं, आता बास. तिचा नवरा रोहेलियो नसबंदीचं नाव काढलं की दुरुस्तीच्या निमित्ताने गाडीखाली जाऊन पडायचा. तिला पोटावर चिरा नको होता. वेस्लाको गावच्या संत्र्यांच्या शेडमध्ये पेट्या उचलायच्या, तिथे आराम कोण देतंय? मी आदल्या वर्षीच त्या स्प्रिंगा बसवून घेतल्या होत्या. चिरा नाही, टाका नाही. खालूनच दोन्ही गर्भनलिकांत एकेक बारीक तारेची स्प्रिंग सरकवतात, तिच्याभोवती मांस धरतं आणि वाट बंद. तीन महिने दुसरं साधन वापरायचं, मग एक्स-रे काढून खात्री करायची. दुसऱ्या दिवशी मी मक्याच्या पिठाचे तामाले वळत होते, आणि आजवर मला काडीचा त्रास नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं नीट सांगितलं. मी शेजारीच होते. "हे परत फिरवता येत नाही. कुणाला दुखतं, कधी स्प्रिंग सरकते. तारेत निकेल आहे. खोट्या दागिन्यांनी कधी खाज, पुरळ?"

"छे, कधीच नाही!" एर्लिंदा म्हणाली. घातलेच कधी होते?

तिनेही स्प्रिंगा बसवल्या, तीन महिन्यांनी एक्स-रेत नळ्या बंद दिसल्या. पण अंगावर पुरळ उठलं ते जाईना, ओटीपोट ठणकायचं, अंगावरून जायचं. पेटी उचलता उचलता ती मटकन खाली बसायची.

"ताईला काही होत नाही, तुझीच नाटकं," रोहेलियो म्हणाला.

"तू जा, गाडीखाली जाऊन झोप!" मीच ओरडले.

एका रविवारी तिची लेक नायेली जत्रेतले डूल घालून आली. कान लालभडक, पाणी सुटलेलं. आई सहज म्हणाली, "आईवर गेलीय. हिचेही तान्हेपणी असेच चिघळायचे. म्हणून तर सोनं."

एर्लिंदाची रोटी तव्यावर करपली. "आई! मला कधी सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? पोरीत खोट आहे म्हणून? राणी म्हटलं, बिघडलं काय?"

"माझं पोट बिघडलं, आई."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर निकेलची पट्टी लावून पाहिली. कातडी पेटलीच. "सगळं यामुळेच, असं छातीठोक नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "काढायच्या तर नळ्यांसकट. शस्त्रक्रिया करून."

ज्या चिऱ्यापासून पळाली, तोच समोर उभा! मला रडू आलं. ती नाही रडली. "चिरा," म्हणाली. "पण ही तार माझ्या अंगात राहणार नाही."

शस्त्रक्रियेनंतर पुरळ गेलं. दुखणं बरंच कमी झालं, सगळं नाही. पेट्या ती पुन्हा उचलते.

नायेलीच्या वाढदिवसाला आई सोन्याची कुडी घेऊन आली. "माझी नात राणी..."

एर्लिंदाने डबी घेतली, लेकीला समोर बसवलं. "राणी-बिणी काही नाहीस तू. तुला निकेल चालत नाही. म्हण."

"मला निकेल चालत नाही."

"आजीला ऐकू जाईल असं."

पोरीने ओरडून सांगितलं. मग एर्लिंदाने हलक्या हाताने तिच्या कानात सोनं घातलं.