आमच्या व्याह्यांच्या चार डिस्का

झोपेचा आमच्या व्याह्यांइतका मान राखणारा माणूस उभ्या पुणे जिल्ह्यात सापडायचा नाही. ही झोप त्यांची स्वतःची नव्हे, हार्डडिस्कची. लासुर्ण्याच्या त्यांच्या घरात बैठकीतल्या कपाटात एक काळी पेटी आहे आणि तिच्यात चार डिस्का. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो, लग्नांचे व्हिडिओ, गोठ्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण, सगळं तिथं जमा होतं. व्याही निवृत्त झाले तेव्हा आमच्या जावयानं ही पेटी त्यांना आणून बसवून दिली, एका रविवारात सगळं शिकवलं आणि सोमवारी तो बारामतीला कामावर गेला. व्याही जन्मभर गुरांचे डॉक्टर. पेटीची घरघर ऐकून त्यांनी पहिल्याच दिवशी तिला स्टेथोस्कोप लावला. मग मला फोन. "पाव्हणं, तीन नंबरची दमलीया. दिवसभर फिरतीया बिचारी."

तेव्हापासून त्या डिस्कांना विसावा कसा मिळेल हा त्यांना एकच ध्यास. काही लिहायचं-वाचायचं नसलं की त्या फिरायच्या थांबत; त्यालाच ते झोप म्हणत. एकदा मी बारामतीहून गेलो आणि उंबऱ्यातूनच "काय व्याही, पाणीपाऊस?" अशी हाक दिली, तर ते ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "हळू बोला, आत्ताच झोपल्यात." विहीणबाईंना बरं नसेल म्हणून मी चपला हातात घेऊन आत गेलो, तर त्या स्वयंपाकघरातून चहा घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, "मी जागी हाय. त्येंच्या त्या चौघी झोपल्यात."

डिस्क बोलण्यानं उठत नाही, हे व्याह्यांना ठाऊक होतं. पण निजलेल्याशेजारी मोठ्यानं बोलणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. खरे उठवणारे त्यांनी एकेक करून हुडकून काढले. टीव्ही लावला की तो सगळ्या फोटोंची यादी चाळायचा. गोठ्यातला कॅमेरा अष्टौप्रहर लिहीत बसायचा. आमच्या लेकीचा मोबाइल घरात शिरल्याबरोबर फोटो पाठवायचा. मग व्याह्यांनी पेटीत एक छोटी, आत काहीही न फिरणारी डिस्क बसवली. मी विचारलं, हिचं काम काय? ते म्हणाले, "कडब्याची गंजी आपण घडीघडी मोडतो का? सकाळीच दिवसाचा चारा गोठ्यापाशी आणून टाकतो. ही छोटी म्हंजी तो गोठ्यापासचा चारा. रोज लागतं ते हितनं वाचायचं. नवीन येईल तेबी आधी हितंच ठेवायचं, आन् दुसऱ्या दिवशी सकाळी एकदाच मोठ्या डिस्कांवर न्यायचं. एकदा उठल्या, काम केलं, परत झोपल्या."

ही पद्धत त्यांना इतकी पटली की ती स्वयंपाकघरातही शिरली. मोठे डबे सकाळी एकदाच उघडायचे, दिवसाचं तेवढं छोट्या डब्यांत काढायचं. नेमकी मी गेलो त्या दिवशी माणसं वाढली आणि दुपारच्या चहाला छोट्या डब्यात साखर उरली नाही. "आता उद्या सकाळी," व्याही म्हणाले. मी बिनसाखरेचा चहा घोटघोट पीत होतो, तेवढ्यात विहीणबाईंनी आतून मोठा डबा आणला आणि चमचाभर साखर माझ्या कपात टाकली. "माझा डबा झोपत न्हाय," एवढंच त्या म्हणाल्या.

मग आमच्या नातीचं बारसं झालं. जावयाच्या मित्रानं चांगल्या कॅमेऱ्यानं सगळं टिपलं आणि ते तिथल्या तिथं पेटीत रिकामं केलं. आमच्या लेकीनंही मोबाइल रिकामा केला. सासरे, म्हणजे तिचे आबा, आहेत म्हटल्यावर काळजी कसली? संध्याकाळी लाइट गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. सकाळी व्याही बघतात तर छोटी डिस्क उघडेचना. मोठ्या चौघी ठणठणीत, पण त्यांच्यापर्यंत बारसं पोहोचलंच नव्हतं. लेक म्हणाली, "आबा, असू द्या," आणि आत जाऊन रडली. विहीणबाई म्हणाल्या, "निजवा अजून." त्या दिवशी व्याही जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटरसायकल काढली. कळस, निरवांगी, इंदापूर, जिथून जिथून पाहुणे आले होते तिथं तिथं गेले. दारात डॉक्टर दिसले की लोक आधी म्हैस दाखवायचे. ती तपासून हात धुतले की हे म्हणायचे, "आता जरा मोबाइल दावा." हाती लागलं ते असं: जेवणाची ताटं, कुणाचा तरी खांदा, स्वतःचेच फोटो काढणारी पोरं आणि त्यांच्या मागं पाळण्याचा एक कोपरा. शेवटी बारामतीला माझ्याकडे आले. खुर्चीवर टेकायच्या आधीच त्यांनी फोन पुढे केला. निरवांगीच्या त्यांच्या चुलतीनं कॅमेरा चुकून चालू ठेवला होता. चित्रात नुसती फरशी आणि लुगड्याचा काठ. पण सगळ्या बायकांनी म्हटलेला पाळणा त्यात अख्खा होता, आणि आत्यानं बाळाच्या कानात केलेलं कुर्रर्रसुद्धा.

"चित्र काहीच नाही हो," मी म्हणालो.

"आवाज हाय की," ते म्हणाले, आणि फोन कानाला लावून पुन्हा पहिल्यापासून ऐकत बसले. चहा निवून गेला.

घरी गेल्यावर त्यांनी पेटीची मांडणी बदलली. नवी छोटी डिस्क आणली, पण तिच्यातून वाचायचं आणि तिच्यावर फक्त गोठ्याचं चित्रण ठेवायचं; बाकी लिहायचं ते थेट मोठ्या डिस्कांवर, तेही दोन ठिकाणी. अशानं त्यांना सारखं उठावं लागेल, असं मी म्हटलं तर म्हणाले, "उठू द्या. कामासाठीच पाळल्यात."

पुढं जावयाला बेंगळुरूला नोकरी लागली आणि लेक, नात, सगळी तिकडं गेली. फोटो आता त्यांच्या मोबाइलमध्ये तिकडंच राहतात. त्यातले एकदोन आम्हाला येतात. परवा दुपारी व्याह्यांचा फोन आला. "पाव्हणं, सकाळधरनं एकबी डिस्क उठली न्हाय."

"मग झालं की तुमच्या मनासारखं," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले, "या की एकदा हिकडं."

मी गेलो. चहा झाल्यावर त्यांनी टीव्ही लावला आणि बरेच दिवस कुणी न पाहिलेला एक व्हिडिओ निवडला. पडदा काळाच राहिला. कपाटात एक डिस्क हळूहळू वेग घेऊ लागली आणि आम्ही तिघंही तिकडं कान देऊन बसलो. मग अंगण दिसलं. नात नुकती चालायला लागली होती. दोन्ही हात पुढं करून ती डुलत डुलत कॅमेऱ्यापाशी आली, आणि व्हिडिओ संपला.

"आणखी एक लावू का?" व्याह्यांनी विचारलं.

"लावा," विहीणबाई म्हणाल्या.