आईच्या बाजूचं दार

आमची गाडी जुनी होती. बाबांनी ती भिलाईच्या स्टील प्लांटमधल्या त्यांच्या एका साहेबांकडून घेतली होती. आई बसायची त्या बाजूचं दार आतून उघडायचं नाही. काच खाली करून, हात बाहेर काढून ती बाहेरचं हँडल ओढायची.

बोरसीला मावसबहिणीच्या साखरपुड्याला गेलो, तेव्हा ते हँडलही निकामी झालं. बाबांनी बाहेरून ओढलं, आईने आतून धक्के दिले. शेवटी नवी साडी सावरत, गिअर ओलांडत आई ड्रायव्हरच्या दारातून उतरली. मांडवातले पाहुणे बघत होते, कोणीतरी हसलंही. परतताना आई गाडीत बसलीच नाही, घरी आली ती ऑटोने.

"मी नाही बसत आता या डब्यात," तिने जाहीर केलं.

रविवारी क्वार्टरच्या अंगणात बाबांनी दाराचं आतलं आवरण काढलं. पोकळीत टॉर्च धरून ते म्हणाले, "हँडल वढ."

मी ओढलं. "काय दिसून राहिलं, बाबा?"

"रॉड हालून राहिला, पण लॉक जागचं हालत नाही."

रॉडला लॉकशी जोडणारी प्लास्टिकची क्लिप तुटली होती. आतल्या हँडलच्या रॉडचीही तीच गत, आणि ग्रीस वाळून दगड झालेलं. बाबांनी कुम्हारीच्या भंगारवाल्याकडून दोन क्लिपा आणल्या, लॉक रॉकेलने धुतलं, नवं ग्रीस भरलं. मी दार लावायला गेले तर त्यांनी हात धरला.

"थांब! आधी उघड्या दारातच पाहून घे. बंद झालं अन् अडकलं, तर खोलशील कसं?"

त्यांनी लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून अडकवलं. मी हँडल ओढलं. खट्‌कन सुटलं! मग त्यांनी आईला हाक मारली.

कपडे वाळत घालता घालता आई म्हणाली, "पहिले तुमी बसा."

बाबा तिच्या जागेवर बसले. आईने बाहेरून दार लावलं. बाबांनी आतून उघडलं. तिने पुन्हा लावलं, त्यांनी पुन्हा उघडलं. मग तिला हसूच आवरेना, आणि बाबांनाही. कितीतरी दिवसांनी त्या दोघांना असं हसताना मी पाहत होते.

संध्याकाळी आम्ही हुडको वसाहतीत गुपचुप, म्हणजे आमच्याकडची पाणीपुरी, खायला गेलो. बाबा उतरून तिच्या बाजूला येईपर्यंत आई दार उघडून बाहेर उभी होती.

"लय तिखट सांगजा," तिने फर्मावलं, आणि बाबा मुकाट्याने ठेल्याकडे गेले.

आता बाबा नाहीत, गाडीही नाही. भिलाईला गेले की आई आणि मी अजूनही त्याच ठेल्यावर जातो.