नवरात्रातले बूट

आमचे धर्मराजकाका खेळून पगार मिळवायचे. निजामाच्या राज्यात, पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावात हे कुणाला सांगितलं तर माणूस आधी हसायचा आणि मग विचारायचा, "अन् काम काय करतो?" काका बास्केटबॉल खेळायचे. हैदराबादेतल्या एका गिरणीने नुसतं खेळायला माणसं ठेवली होती, त्यांतले ते एक. पण तिथवर पोचताना जे घडलं त्याचा मला अजून राग येतो. कुणाचा, ते मात्र ठरत नाही.

काका ताडमाड उंच. दारांच्या चौकटी कपाळाने मोजत फिरायचे. जालन्यात मस्तगडला कापडाच्या दुकानात नोकरी होती. खालून फेकलेला तागा माळ्यावर बरोबर आपल्या जागी जाऊन बसायचा. संध्याकाळी मिशनच्या मैदानावर, मुरमात अनवाणी खेळ. लोखंडी कड्यात चेंडू टाकणं त्यांच्या डाव्या हातचा मळ होता.

गिरणीचा संघ जालन्याला सामना खेळायला आला तो नेमका नवरात्रात, सातव्या माळेला. संघाचे मॅनेजर हाफिजसाहेब इथून एक खेळाडू निवडून नेणार होते. काकांची उंची बघून ते खूश झाले. मग त्यांची नजर खाली गेली.

"बूट कहाँ हैं, मियाँ?"

आता हे सांगायला हवं. आदल्या वर्षी मुदतीच्या तापात काका गेल्यात जमा होते. आजीने, द्वारकाबाईने, रेणुकेपुढे पदर पसरला होता. माझं लेकरू उठू दे, दर नवरात्रात ते नऊ दिवस अनवाणी राहील. लेकरू उठलं. खेळायला बूट लागतात हे ना आजीला ठाऊक, ना देवीला.

"उघड्या पायानंच खेळतो साहेब. आमचं नवरात्र आहे."

"किसी का बूट पड़ा तो उँगलियाँ जाएँगी. नंगे पाँव वाले कू मैं नै ले जाता."

त्यांचंही चूक नव्हतं. अनवाणी माणूस मैदानात नकोच म्हणाले, म्हणून सामना सुरू झाला तेव्हा काका रेघेबाहेर उकिडवे बसले. जालन्याची पोरं सडकून मार खात होती. अर्धा खेळ संपला तसा मुकुंद, जालन्याच्या संघाचा कप्तान, उसने बूट घेऊन धावत आला.

"घाल जल्दी. देवी समजून घेईल."

"देवी घेईल रे. मायचं काय? ती तिकडं घट मांडून बसलीय."

"तिला सांगायला कोण जातंय?"

"मीच सांगीन. माझ्यानं लपवणं व्हायचं न्हाई."

"मंग बस जन्मभर तागे फेकत!"

काकांनी पाय पुढे केले. नाड्या मुकुंदनेच बांधल्या. बूट आखूड. पहिल्याच उडीला काका तोंडावर आपटले, लोक हसले. हे देवीनेच पाडलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. पाऊल टेकलं की अंगात ताप चढतोयसं वाटे. कपाळाला हात लावून बघायचे आणि पुन्हा धावायचे. टाचा सोलल्या, बुटात ओल आली, पण मागे पडलेले गुण एकेक करून भरून निघाले. शेवटच्या घटकेला दोघांच्या डोक्यावरून त्यांनी चेंडू टाकला. तो कड्यावर फिरला, थबकला आणि आत पडला. जालना एका गुणाने जिंकलं. मैदान नाचत होतं आणि काका खाली बसून बुटाच्या नाड्यांशी झटत होते. गाठ सुटेना.

हाफिजसाहेबांनी दसऱ्यानंतर हैदराबादला यायला सांगितलं.

दसऱ्याला काका लंगडत घरी आले. आजी त्यांच्या टाचांना हळद-तेल लावायला बसली तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं. आजी रडेल, बोलेल, निदान हात तरी झटकेल, असं त्यांना वाटलं. तिने दुसरी टाच पुढे घ्यायला लावली आणि तिलाही तेल लावलं.

सकाळी ती वेशीपर्यंत पोचवायला निघाली. वाटेत बाभळी होत्या. काकांचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं.

"माय, तुझ्या वहाणा?"

"ठिवल्या. रातीच बोलले देवीला. त्याचे पाय आता बुटात गेले, त्याचं काही मनात धरू नकू. त्याच्या बदली माझे घे. तो खेळंल तंवर."

काका तिथेच उभे राहिले. जात नाही म्हणाले. आजीने त्यांना दोन्ही हातांनी ढकललं. "जा! उगा माझा नवस फुकट घालवू नकू."

काका पुढे बरीच वर्षं खेळले. पहिल्या पगारातून त्यांनी आणलेल्या चपला आजीने शेजारच्या साळूबाईला देऊन टाकल्या. मी जन्मले ती या अनवाणी बाईच्या घरात. रानातून आली की ती पाय माझ्या मांडीवर टाकायची आणि मी सुईने काटे काढायचे. तिचा राग यायचा, काकांचा यायचा, आणि त्या भेगा बघून रडूही यायचं. काटा निघाला की ती दर वेळी विचारायची, "काय गं, धर्मा जितला का?"

मला काहीच ठाऊक नसायचं. मी हो म्हणायचे.