देविदास व्हॉल्ववाल्याला सातवीच्या पोरांनी विचारलेला प्रश्न

देविदास स्वभावानेच भित्रा. बँकेतली स्लिपसुद्धा तो दुसऱ्याकडून भरून घेई, पोलीस दिसला की तो विनाकारण रस्ता ओलांडे. औशाकडच्या गावातून लातुरात आला तेव्हा महापालिकेच्या ठेकेदाराकडे पाणी सोडायचं काम मिळालं आणि अकरा वर्षं तेच चाललं. खांद्याएवढी लोखंडी चावी घ्यायची, चेंबरचं झाकण उघडायचं, व्हॉल्व फिरवायचा. दर पाचव्या दिवशी प्रत्येक गल्लीला पाऊण तास पाणी, असा नियम.

मागल्या गल्लीला मात्र तो पंचवीस मिनिटांतच बंद करी. ठेकेदाराचा मुकादम संगप्पा याने चार वर्षांपूर्वी तसं बजावलं होतं. उरलेलं पाणी पुढल्या गल्लीतल्या मंगल कार्यालयाच्या हौदात जायचं. मागल्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या, दाबच कमी आहे. देविदास मान खाली घालून ऐकायचा.

एका पाण्याच्या सकाळी नळाजवळच्या पायरीवर गल्लीतली तनुजा बसलेली दिसली, सातवीतली. मांडीवर वही, शेजारी घड्याळ.

"काय लिवायलीस गं?"

"पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं. गीतांजली मॅडमनी सांगितलंय, नागरिकशास्त्राचं आहे," तनुजा म्हणाली. "सगळ्या गल्ल्यांत एकेक जण बसलंय काका. महिनाभर."

देविदास चावी घेऊन चेंबरपाशी गेला, मागे वळून वळून तिच्या घड्याळाकडे बघत. तरी पंचविसाव्या मिनिटाला त्याने व्हॉल्व बंद केलाच. तनुजाने घड्याळ बघितलं आणि लिहून घेतलं.

पुढच्या पाळीला त्याने धीर करून दहा मिनिटं जास्त सोडलं, तर लगेच संगप्पाचा फोन. "झोप लागली का रं तुला?" त्यानंतर पुन्हा पंचवीस. आता त्याला दोन्हीकडून धाक होता, एकीकडून मुकादमाचा आणि दुसरीकडून बारा वर्षांच्या पोरीचा. घरी तो अर्ध्या ताटावरून उठे. बायको सुभद्रा विचारी, "काय व्हायलंय तुम्हाला?" तो म्हणे, "काय न्हाई, पित्त हाय."

महिना सरला आणि शाळेतून निरोप आला, मुलांशी बोलायला या. त्याने ताप आल्याचं कळवलं. मॅडमनी पुढच्या सोमवारी बोलावलं. ही बातमी संगप्पाला कुठून लागली कोण जाणे, त्याने चेंबरपाशीच त्याला गाठलं.

"दाब कमी हाय, एवढंच म्हणायचं. दुसरं काही तोंडातून निघालं तर उद्यापासून चावी दुसऱ्याच्या हातात."

"हाव," देविदास म्हणाला.

वर्गात पोरंच पोरं. भिंतीवर मोठा तक्ता, त्यावर प्रत्येक गल्लीची लाल पट्टी. मागल्या गल्लीची पट्टी सगळ्यांत आखूड, दुरूनही दिसेल अशी. देविदासने खुर्चीच्या कडेवर बसून ते तीन शब्द मनात पंधरा वेळा म्हटले.

तनुजा उठली. "काका, आमच्या गल्लीचं पाणी बंद कोण करतं?"

दाब कमी का, असं तिने विचारलंच नव्हतं. पाठ केलेलं उत्तर या प्रश्नाला लागू पडेना.

"मी," तो म्हणाला.

तनुजाने ते वहीत लिहिलं.

"का?"

"मला सांगितलेलं हाय तसं."

"कोणी?"

देविदास खुर्चीवरून उठून दाराकडे बघायला लागला. गीतांजली मॅडम पुढे झाल्या. "त्यांना नाव विचारायचं नाही. उत्तर द्यायचं काम ज्यांचं आहे, त्यांच्याकडे आपण जाऊ."

पोरांनी अर्ज लिहिला, आईबापांना बरोबर घेऊन महापालिकेच्या पाणीपुरवठा कार्यालयात नेऊन दिला. अर्जात देविदासचं नाव नव्हतं. तरी पुढचे सात दिवस फोन वाजला की तो आधी नाव बघे, मगच उचले. आठव्या दिवशी तिथले एक साहेब स्वतः चेंबरपाशी आले, भोवती वह्या घेतलेली पोरं. संगप्पा लांब, मोटारसायकलवर. देविदासने व्हॉल्व उघडला तो पंचेचाळीस मिनिटांनीच बंद केला. मान वर करून संगप्पाकडे पाहण्याची मात्र त्याची हिंमत झाली नाही.

तेव्हापासून मागल्या गल्लीला पाऊण तास पाणी मिळू लागलं. मंगल कार्यालय टँकर मागवू लागलं. देविदासचं काम गेलं नाही, पण पंधरवड्यात त्याला शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या वस्तीत टाकलं. कारण कुणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

तिथल्या मुकादमाने पहिल्याच सकाळी एका गल्लीकडे बोट दाखवलं. "हिला अर्धा तास बास."

देविदासने मान हलवली, अर्ध्या तासात व्हॉल्व बंद केला. गल्लीत वही घेतलेलं कुणी दिसेना. दुपारी तो सायकल ढकलत त्या वस्तीतल्या शाळेच्या फाटकापाशी गेला, दोनदा मागे फिरला. तिसऱ्यांदा शिपायाने हटकलं, "काय पायजे?"

देविदासने आधी रस्त्याकडे बघून घेतलं, मुकादम कुठे दिसतो का ते. मग हलकेच म्हणाला,

"सातवीला नागरिकशास्त्र कोण शिकवतंय हितं?"